निळं पडलेलं स्पिरिट

"शिंकू नकोस! खबरदार शिंकलास तर!"

टिचकीनं बंबच्या नाकावर रुमाल दाबला. बंब डोळे गच्च मिटून, गाल फुगवून उभा राहिला. शिंक आली, घुटमळली आणि परत गेली.

"गेली," बंब रुमालातून म्हणाला.

"गेली म्हणे! परवा तुझ्या एका शिंकेनं सगळी फुलपाखरं उडाली होती. मेलेली असूनसुद्धा!"

ही मंडळी जमली होती संग्रहालयाच्या कीटक विभागात. टिचकी बारा वर्षांची, अंगानं एवढीशी, डोळे मात्र घारीचे. बंब तिचा आतेभाऊ, आडवातिडवा वाढलेला आणि बारमाही सर्दीचा धनी. तिसरा टिचकीचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ. तो ताई जाईल तिथं मागे, म्हणून त्याचं नाव शेपूट. सुट्टीत या दोघा भावंडांचा मुक्काम आत्याकडे, म्हणजे बंबच्या आईकडे होता, आणि आत्याचा मुक्काम सदैव माश्यांकडे!

आज तर फारच महत्त्वाचा दिवस होता. तीन वर्षं संध्याकाळ-संध्याकाळ ओढ्याच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून आत्यानं एक नवी नाचरी माशी शोधली होती. जेमतेम तीन मिलिमीटरची! अशा माश्यांचे नर संध्याकाळी पाण्यावर थवा करून नाचतात. आधी एखादं चिलट पकडायचं, पायातून रेशमाचा धागा काढून त्यात गुंडाळायचं आणि ती पुडी मादीला भेट द्यायची, असा त्यांचा रिवाज. पण आत्याच्या माशीच्या पुढच्या पायाचा एक भाग इतका फुगीर होता, की जणू कुस्तीगिरानं पंजाला उशी बांधली आहे. असा नर तिला एकच मिळाला. त्याचं चित्र काढून, वर्णन लिहून तिनं ते तपासायला पाठवलं. तर परीक्षक बाईंचं उत्तर आलं, "असा पाय असणं शक्य वाटत नाही. चित्र कल्पनेनं काढलेलं दिसतं. माशी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मान्यता देणार नाही."

म्हणजे सरळसरळ खोटारडी म्हटलं की! त्या बाई आज चार वाजता येणार होत्या.

अडीच वाजता आत्यानं कपाट उघडलं. लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलेल्या बुचाची बोटभर कुपी काढली, स्पिरिटात जपलेली माशी काचेच्या बशीत ओतली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"आई, काय झालं गं?" बंबनं विचारलं.

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ही माझी माशी नाही," ती म्हणाली. "हिचा पाय साधा आहे. बारीक."

"दुसरी कुपी घेतलीस का?"

"ठिपका हाच. जागा हीच." आत्या मटकन स्टुलावर बसली. "का मीच चुकले? थकलेल्या डोळ्यांनी भलतंच बघितलं का मी?"

आत्या हरवलेल्या चाव्यांवरून वैतागायची, बंबच्या गुणांवरून वैतागायची, पण स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेताना टिचकीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. ते बघवेना. म्हणून तिनं नजर खाली वळवली आणि रिकाम्या कुपीकडे पाहत राहिली. कुपीच्या तळाशी चार थेंब उरले होते.

"आत्या, तुझं स्पिरिट निळं असतं?"

"काहीतरीच काय! पाण्यासारखं असतं."

"मग हे निळं का?"

आत्यानं झडप घालून कुपी उजेडात धरली. आतल्या कागदाच्या चिठ्ठीवरची अक्षरं विरघळून नुसते निळे ढग उरले होते.

"पेन!" आत्या ओरडली. "कुणीतरी पेननं चिठ्ठी लिहिली आहे! आम्ही पेन्सिलशिवाय हात लावत नाही. शाई स्पिरिटमध्ये उतरते, पेन्सिल पन्नास वर्षं हलत नाही. या खोलीतली पहिली शिकवण आहे ती!"

"म्हणजे तू चुकली नाहीस," टिचकी म्हणाली. "माशी बदलली आहे! कपाटाची चावी आणखी कुणाकडे असते?"

"भांडारकाकांकडे. पण ते बिचारे कशाला..."

पुढचं ऐकायला तिघं थांबलीच नाहीत.

भांडारकाका म्हणजे संग्रहालयाचं सगळं सामान सांभाळणारे गृहस्थ. खिशाला तीन पेनं, आणि तिन्ही निळी! मुलं दिसताच ते उगाचच वही चाळायला लागले.

"सरळ विचारलं तर कानावर हात ठेवतील," टिचकी दाराशी कुजबुजली. "तुम्ही दोघं गप्प राहा."

ती हसत आत गेली. "काका, एक गंमत! आत्याच्या कुपीचं ते लाल ठिपक्याचं बूच मिळालं. कपाटाखाली पडलं होतं!"

"कपाटाखाली कसं मिळेल?" काका फटकन म्हणाले. "ते तर मी दुसऱ्या कुपीला ला..."

आणि त्यांचा आ वासलेलाच राहिला.

"लावलंत," टिचकीनं वाक्य पुरं केलं. तिचं हसू पार मावळलं होतं. "पहिली कुपी कुठाय, काका?"

काका ततपप करायला लागले. काल त्यांचे मेहुणे आले होते. त्यांच्यावर छाप पाडायला काकांनी कपाट उघडलं, 'जगात एकच आहे बघा' म्हणत कुपी हातात घेतली आणि ती सटकली! काच फुटली. मग बाजूच्या ट्रेमधली तशीच दिसणारी एक माशी नव्या कुपीत घातली, चिठ्ठी लिहिली, जुनं बूच लावलं आणि देवाचं नाव घेतलं.

"सगळ्या सारख्याच तर दिसतात रे बाळांनो! वाटलं, कुणाला कळतंय!"

"आणि खरी माशी? ती कुठाय?"

"टिपकागदानं पुसून घेतलं सगळं. टोपलीत टाकलं. टोपल्या सकाळी मागच्या अंगणात गेल्या, पोत्यांतून." काकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं. "कचऱ्याची गाडी तीनला येते!"

तीनला दोन मिनिटं कमी होती. तिघं जिन्यावरून अक्षरशः गडगडत खाली गेली. अंगणात गाडी उभी होती. गाडीवाल्यानं एक पोतं आत भिरकावलं होतं आणि दुसऱ्याला हात घातला होता.

"थांबा! थांबा हो!"

"वेळ नाही," गाडीवाला म्हणाला. "अजून सात ठिकाणी जायचंय."

शेपटानं धाव घेतली आणि उरलेल्या पोत्यांवर जाऊन फतकल मारली. "मला पण टाका मग गाडीत!" तो म्हणाला.

गाडीवाल्याला हसू आलं. "पाच मिनिटं. घड्याळ लावून पाच."

पण पोती सहा! पाच खाली आणि एक गाडीत. कीटक विभागाचं कुठलं? सगळी तर एकाच रंगाची होती. टिचकीचं डोकं गरगरायला लागलं.

"वास!" ती एकदम ओरडली. "आत्याच्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास असतो! हुंगा!"

"मला गेल्या महिन्यापासून कसलाच वास येत नाहीये," बंब केविलवाणा होऊन म्हणाला.

शेपूट मात्र कामाला लागला होता. एक पोतं, दुसरं, तिसरं... नाक मुरडत तो गाडीत चढला आणि तिथून किंचाळला, "ताई, हेच! आत्याच्या साडीचा वास!"

पोतं सोडलं. कागद, चिंध्या, पेन्सिलीची सालं. टिचकी एकेक कपटा उचलत होती. काच बोटाला लागली, रक्त आलं, तिनं बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं शोधत राहिली. आणि मग गुलाबी टिपकागद! त्याला चिकटलेली इवलीशी चिठ्ठी, पेन्सिलीची अक्षरं जशीच्या तशी. शेजारी तीन-चार काळे ठिपके.

तेवढ्यात वारा सुटला.

"बंब! आडवा हो!"

बंब कागदावर ओणवा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या आकारमानाचा सगळ्यांना अभिमान वाटला. पण त्याच्या नाकपुड्या थरथरायला लागल्या होत्या. "टिचके... आली..."

"नाही येणार! शेपट्या, नाक धर त्याचं!"

शेपटानं दोन्ही हातांनी नाक चिमटलं. टिचकीनं पोत्यातल्या एका डब्याचं झाकण अलगद कागदावर पालथं घातलं आणि सगळं घट्ट धरून दूर सरली. मग जी शिंक आली, ती ऐकून गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला!

मुलांनी वर येऊन सगळं सांगितलं, तेव्हा आत्यानं भिंग टिचकीच्याच हातात दिलं. "माझे हात थरथरताहेत. तू बघ. घाई करू नकोस."

"पहिला ठिपका राखेचा," टिचकी म्हणाली. "दुसरा... माशी आहे! नाही, चिलट आहे. ह्याला पांढरे धागे गुंडाळलेत."

"ती भेट!" आत्याचा श्वास अडकला. "नरासोबत कुपीत ती पुडीही होती. बाजूला बघ."

"तिसरा मातीचा कण. चौथा..." टिचकी थांबली. "पाठीला पोक. खाली वळलेली सोंड. आणि पुढचे पाय... आत्या, उशा! दोन्ही पायांना उशा आहेत!"

आत्यानं स्पिरिटचा थेंब सोडला. वाळलेली माशी भिजायला वेळ लागणार होता आणि वेळच नव्हता. घड्याळात पावणेचार झाले. मग चारला दहा कमी. आत्यानं ब्रशच्या एका केसानं माशी उचलायला सुरुवात केली. पोट कागदापासून सुटलं. पंख सुटले. आणि कट्कन नव्हे, आवाजही न होता उजवा पुढचा पाय तुटला. तुटलेला तुकडा थेंबात तरंगत गेला आणि दिसेनासा झाला.

बंबनं श्वाससुद्धा घेतला नाही.

"डावा आहे," टिचकी हळूच म्हणाली.

चारच्या ठोक्याला परीक्षक बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, हसायची सवय नसलेल्या. त्या मायक्रोस्कोपवर वाकल्या आणि वाकूनच राहिल्या.

"उजवा पाय कुठे आहे?"

"थोड्या वेळापूर्वी तुटला. माझ्या हातून," आत्या म्हणाली. "वर्णनात तसं लिहीन मी."

दारातून एक घोगरा आवाज आला. "आणि कुपी माझ्या हातून फुटली, बाई." भांडारकाका मान खाली घालून उभे होते. "ह्यांचा काही दोष नाही. मीच लपवलं."

बाईंनी काकांकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. "एक पाय पुरेसा आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं चित्र खरं आहे. कल्पनेनं काढलंय असं लिहिलं, तिथं मी चुकले. मान्यतेचं पत्र उद्याच देते."

आत्याला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही. तिनं तिन्ही मुलांना एकदम कवेत घेतलं आणि टिपकागदाची, हुंगण्याची, शिंकेची सगळी हकिगत बाईंना सांगितली.

"टिपकागदावर ही ओळखली कुणी?" बाईंनी विचारलं. सगळ्यांनी टिचकीकडे बोट दाखवलं. "राखेत आणि मातीत तीन मिलिमीटरची माशी! माझ्या मोठमोठ्या विद्यार्थ्यांना जमत नाही हे. शाबास! आणि नाकवाले दोघेही शाबास."

आत्यानं नव्या कुपीची चिठ्ठी टेबलावर ठेवली. जागा, तारीख तिनं आधीच भरली होती. शेवटची ओळ उरली होती, 'कुणी ओळखली'.

"लिही," ती टिचकीला म्हणाली. "आणि टिचकी नको हं. पूर्ण नाव, आडनावासकट. पन्नास वर्षांनी कुणीतरी वाचणार आहे."

टिचकीचा हात खिशाकडे गेला, पण तिच्याकडे लिहायला काहीच नव्हतं. तेवढ्यात भांडारकाका पुढे आले. त्यांच्या खिशात आज एकही पेन नव्हतं. त्यांनी कानामागून नुकतीच टोक केलेली पेन्सिल काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.