उचललेला सूर

लाईट येईपर्यंत बसा पोरांनो, सांगतो. आपल्या बी विंगमधला सॅक्सोफोनवाला महेंद्र माहीत आहे ना? त्याच्या बाबतीत घडलेलं आहे. अकरा जानेवारीची रात्र, शनिवार.

महेंद्र कल्याण पूर्वेला केशरबाईंकडे गेलेला. काम साधंच. त्यांच्या लेकीचा, प्रीतीचा स्टेजवर घालायचा टिकल्यांचा गाऊन आणायचा होता. महेंद्रच्या जॅझच्या शोमध्ये प्रीती गायची. भीमगीतांच्या मंचावर तयार झालेला गळा तो. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत घुमायचा. जुलैमध्ये डोंबिवलीत शेवटचं गाणं गाताना स्टेजवरच कोसळली. हार्ट अटॅक. आता तिच्या जागी, तोच गाऊन घालून, पायल नावाची नवी मुलगी गाणार होती.

केशरबाईंनी गाऊन स्वच्छ करून, घडी घालून ठेवलेला. पिशवी देताना त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही तिच्या बाजूलाच वाजवत होता. शेवटी लई त्रास झाला का हो तिला?"

"नाही मावशी... म्हणजे, माझं लक्ष वाजवण्यात होतं. मला काही दिसलंच नाही."

"बरं झालं. म्हणजे पटकन गेली आसंल," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा तसाच ठेवून तो उठला. कारण त्यानं पाहिलं होतं. शेवटचा लांब सूर लावायला प्रीतीनं श्वास घेतला आणि सूर आलाच नाही. छातीवर हात दाबून ती त्याच्याकडेच बघत होती. हॉल गच्च भरलेला. गाणं थांबवायचं सोडून महेंद्रनं तिचा सूर सॅक्सवर उचलला. ती गुडघ्यांवर बसली. लोकांना वाटलं, अदा आहे. उठून टाळ्या वाजवायला लागले. पडदा पडेपर्यंत तिच्याजवळ कुणी गेलं नाही.

पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून तो ठाण्याला निघाला. थंडी होती, काचा बंद. शीळफाट्याला सिग्नल लागला. गाडीत गाणी लावलेली नव्हती.

शेजारून कुणीतरी श्वास घेतला.

मोठा. पोटापासून. गाणारा माणूस घेतो तसा.

महेंद्रनं मान वळवली नाही.

श्वास आत गेला... बाहेर आला नाही.

सिग्नल हिरवा झाला. मागचा ट्रक हॉर्न मारत राहिला. याचा पाय उचलेना. शेजारी कुणीतरी श्वास कोंडून... थांबलं होतं.

"प्रीती..."

श्वास तसाच कोंडलेला.

"मी बघितलं होतं गं. तू पडलीस, ते मी बघितलं होतं..."

...

मग अगदी कानाशी तो श्वास सुटला. सूर नाही. नुसता श्वास.

त्यानं तिथूनच गाडी वळवली. मध्यरात्री केशरबाईंना उठवून सगळं सांगितलं. बाई उभ्या उभ्या ऐकत होत्या. "पोरगी तुमच्याकडं बघत होती?" एवढंच विचारलं. तो मान खाली घालून रडला. त्यांनी त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि दार लावून घेतलं. शो त्यानं बंद केला.

गाडी खाली उभी आहे बघा, पिंपळाशेजारी. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटची काच बघा. त्या रात्रीपासून तिच्यावर आतून वाफेचा एक गोल होता, तोंडाएवढा. पुसून जाईना म्हणून त्यानं मार्चमध्ये काच बदलून घेतली.

आता मे चाललाय. एवढं ऊन तापतंय...

नव्या काचेवरही आहे.