देवराव डॉक्टरचा अंगठा

अनुप, तो मोबाइल ठेव बाजूले. अपेक्षा, तूबी ऐक. देवराव डॉक्टरची गोष्ट सांगतो. डॉक्टर म्हनाचं आपलं! अकोटच्या एका दवाखान्यात दोन वर्षं पट्ट्या बांधल्या, अन् हिवरखेडच्या पुढं आमच्या गावात येऊन गळ्यात नळी अडकवली. मी तवा मलेरियाच्या खात्यात होतो, घरोघर फिरून रक्त घ्याचो. म्हून त्याची लायकी मले पक्की ठाऊक.

एकवीस सालच्या पावसाळ्यात जमुनाबाईची खुशी तापली. सहा वर्षांची पोट्टी. आमच्या गावच्या आशा सेविकेनं, ज्योत्स्नानं, रक्त तपासलं. मलेरिया निघाला. गोळी दिली, ती ओकली. पुन्हा दिली, पुन्हा ओकली. सांजच्याले पोट्टी बेशुद्ध. ज्योत्स्नानं तेल्हाऱ्याहून गाडी बोलावली. गाडी निघालीबी होती, अर्ध्या तासाचा प्रश्न होता. तेवढ्यात हा शहाणा आला.

"डॉक्टर, तोंडातून काई देऊ नका," ज्योत्स्ना म्हने. "तिले गिळता येत नाई, श्वासात जाईन. आता शिरेतून इंजेक्शनच लागते. ते तेल्हाऱ्याले आहे."

"डॉक्टर तू का मी?" देवराव हसला.

चार लोकांसमोर एका बाईचं ऐकाचं कसं? त्यानं गोळ्या कुटल्या, पान्यात कालवल्या, अंगठ्यानं दात उघडले अन् पोट्टीच्या घशात ओतल्या. पोट्टीले ठसका लागला. एकच... गाडी आली तवा नेयाले जीव उरला नव्हता.

अन् हा काय म्हनाला? "ताप डोक्यात गेलता." बस्स. जमुनाबाई गाव सोडून भावाकडे अंजनगावले गेली. याचा दवाखाना चालूच. लोकबी असे, की दुसऱ्या दिवशी याच्याच दारात!

मग बावीस साल. सप्टेंबरची तेरा तारीख, मंगळवार. अमावस्या-फिमावस्या काई नव्हती, गनपती उठून चार दिवस झालते. रात्री सव्वाआठले एक बाई दवाखान्याच्या दारात उभी. पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत.

"पोट्टीले ताप आहे. गोळी पोटात ठरत नाई."

हा बॅग घेऊन निघाला. बाई पुढं, हा मागं. गावाबाहेर, गावातल्या धर्मपालच्या कपाशीच्या वावराकडे. वाटेत यानं चारदा नाव विचारलं. बाई चालतच राह्यली. वावरात टिनाची खोली, आत दिवा. खाटेवर गोधडी पांघरून एक पोट्टी कुडकुडत होती. हा जवळ बसला अन् कुडकुड थांबली. दात घट्ट बसले.

वर्षभरात एखादा मानूस काई शिकला असता. हा नाई शिकला. गोळ्या काढल्या, कुटल्या, कालवल्या.

"तोंडातून देऊ नका," बाई मागून म्हने.

"डॉक्टर तू का मी?"

त्यानं पोट्टीच्या दातांत अंगठा घातला. जोर नाई लागला... दात आपोआप उघडले. आत जीभ नाई. घसा नाई. पांढरं ओलं पीठ... कुटलेल्या गोळ्यांचं... ओठांपर्यंत भरलेलं.

त्यानं मागं पाहिलं. बाई नव्हती.

दिवा गेला.

दात मिटले...

हे सारं त्यानं सोता मले सांगतलं, अकोल्याच्या दवाखान्यात खाटेवर पडून, लहान लेकरावानी रडत. मले कीव आली नाई. खोटं काहून बोलू?

सकाळी तो धर्मपालले वावरात सापडला, चिखलात बसलेला. खोली कुठली? त्या वावरात टिनाचा पत्राबी कधी नव्हता. जमुनाबाई त्या रात्री अंजनगावलेच होती, भावाच्या घरी. मी जाऊन विचारून आलो. दुसऱ्या कोन्या घरी त्या रात्री तापाची पोट्टी नव्हती.

अंगठा मात्र वांग्यावानी सुजलेला, काळानिळा. अकोल्याच्या सर्जननं चिरा दिला तवा मी बाजूलेच उभा होतो. पू निघाला नाई. चिमट्यात काईतरी पांढरं आलं. सर्जननं ते धुतलं, उजेडात धरलं... अन् माह्यासमोर केलं.

दुधाचा दात होता. मुळासकट.