दुमडीतला निळा

भर दुपारी खांद्यावर पडदा टाकून दुकानात शिरलेला माणूस तिने तोवर पाहिला नव्हता. पडदाही असातसा नाही, चांगला दाराएवढा. एक टोक जमिनीवरून फरपटत येत होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

दुकान तिच्या मामाचं, रंगांचं. मामा काउंटरवर बसायचा. कुठल्या खोलीला कुठला रंग शोभेल हे लोकांच्या घरी जाऊन ठरवून देणं, हे तिचं काम. त्या दिवशी मामा नेमका जेवायला गेला होता. तो असता तर त्याने आकाशी रंगाचा डबा हातात देऊन गिऱ्हाइकाला वाटेला लावलं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

“हा रंग हवाय,” तो पडदा तिच्या पुढ्यात टाकत म्हणाला.

“पडद्याला?”

“नाही हो, पडद्याला आहेच की. खोलीला. सगळी खोली ह्याच रंगाची करायची. भिंती, चादर, खुर्ची, दिवा… सगळं.”

“तुम्ही त्यात राहणार आहात,” ती म्हणाली, “की पोहणार आहात?”

त्याचे कान लाल झाले. एवढा उंचपुरा माणूस आणि असे लाल कान! तिला हसू आवरेना. त्याच्या बाहीवर मांजराचे पांढरे केस चिकटले होते.

“मी डॉक्टर आहे,” तो म्हणाला. “म्हणजे… जनावरांचा.” जणू एवढ्याने सगळा खुलासा झाला.

खुलासा मग हळूहळू झाला. ती त्याच्या आईची खोली होती. आईला एकाच रंगाचा ध्यास, निळ्याचा. पडदा निळा, चादर निळी, अगदी उशीजवळचा तांब्याही निळा. ‘एकच रंग घेतला की वस्तूंची आपसात भांडणं होत नाहीत,’ असं ती म्हणायची. आई गेली आणि वडील आत्याकडे राहायला गेले. खोली बंद झाली, छत गळलं, भिंतींचे पोपडे सुटले. आता वडील परत येणार होते, कायमचे. ते यायच्या आत खोली होती तशी व्हायला हवी होती, आणि जुन्या खोलीतलं निळं उरलं होतं काय, तर हा पडदा.

पडदा तिने उजेडात धरला. फिकट, राखेत मिसळल्यासारखा निळा. “होईल,” ती म्हणाली. “पण एका रंगाची खोली म्हणजे सगळीकडे एकच डबा ओतणं नव्हे. भिंत फिकी, चादर तिच्याहून थोडी चढी, खुर्ची आणखी चढी. नाहीतर औषधाच्या बाटलीत बसल्यासारखं वाटतं.”

“मला सवय आहे बाटल्यांची,” तो म्हणाला. मग स्वतःच हसला, आणि ती उगाचच डब्यांची झाकणं नीट लावू लागली.

घर दुमजली होतं. खाली त्याचा दवाखाना, वर खोल्या. आईच्या खोलीला पश्चिमेकडे मोठी खिडकी. खिडकीसमोरच्या भिंतीपासून तिने जड लाकडी कपाट बाजूला ओढायला लावलं आणि त्या भिंतीवर रंगाचा पहिला चौकोन काढला, ताटाएवढा.

“आता हा सकाळी बघायचा, दुपारी बघायचा आणि ऊन कललं की बघायचा,” ती म्हणाली. “उजेड बदलला की रंग बदलतो. तिन्ही वेळा आवडला, तरच तो आपला.”

“तिन्ही वेळा तुम्ही येणार?”

“यावंच लागतं. कामच आहे ते.”

“बरं आहे तुमचं काम,” तो म्हणाला. आणि खालून कुणाचा तरी कुत्रा भुंकला म्हणून जिन्यावरून धावत गेला.

पहिला चौकोन हिरवट निघाला. दुसरा काढला तेव्हा तिचं तिलाच वाटलं, जमला. पडदा शेजारी धरला तर कुठे भिंत संपते आणि कुठे कापड सुरू होतं ते कळेना. पण डॉक्टर त्याच्यापुढे उभा राहिला, डोकं तिरकं केलं, एक डोळा बारीक केला आणि म्हणाला, “जमलाय… पण अजून जरासा…”

“जरासा काय? गडद? फिका?”

“ते मला कळलं असतं तर मीच नसतो का दुकान टाकलं? तुम्ही उद्या आणखी एक काढून बघा ना.”

मग रोजचंच झालं. ती नवा चौकोन काढायची, तो डोकं तिरकं करायचा आणि ‘अजून जरासा’ म्हणायचा. भिंतीवर निळ्या चौकोनांची रांग लांबत गेली. ऊन खोलीत येऊन एकेका चौकोनावरून सरकत जायचं आणि ती दोघं जमिनीवर बसून चहा पीत ते बघायची. तो तिला घोड्यांच्या दातांबद्दल सांगायचा. ती त्याला सांगायची, पांढऱ्यात पांढरे किती प्रकारचे असतात. एरवी ह्या विषयावर मामासुद्धा जांभई द्यायचा. हा मात्र कान देऊन ऐकायचा.

एकदा त्याने जिन्यातून हाक मारली, “जरा येता? धरायला हात हवाय.” ती ब्रश टाकून धावली. टेबलावर ससा होता, कापूस थरथरावा तसा. तिने त्याला पोटाशी धरलं, डॉक्टरने सुई टोचली, आणि दोघांची डोकी इतकी जवळ आली की तिला त्याच्या शर्टाचा साबणाचा वास आला. सोडल्यावर बघतात तर सशाच्या कानावर निळा ठसा, तिच्या अंगठ्याचा.

सशाच्या मालकीणबाई घाबरल्या. “अगं बाई! हे काय लावलंत?”

“औषध आहे,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाला. “नवीनच आलंय. आपोआप जातं.”

मालकीणबाई गेल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तो दारात उभा राहून बघत होता. हसत नव्हता, नुसता बघत होता. तिचं हसू हळूहळू थांबलं आणि तिला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही.

इकडे मामाला संशय येऊ लागला होता. “त्या पडदेवाल्याची एक खोली अजून संपत नाही? एवढ्यात मी सगळी गल्ली रंगवून दिली असती.”

“रंग जमत नाहीये, मामा.”

“रंगच ना?” मामा चष्म्यावरून बघत म्हणाला. ती गोदामात निघून गेली.

वडील यायची वेळ जवळ आली तेव्हा कुठे डॉक्टरने एकदाचं बोट ठेवलं, आणि ठेवलं ते दुसऱ्या चौकोनावर! ती बघतच राहिली. पण वाद घालायला वेळ नव्हता. रंगारी आला, भिंती झाल्या. फक्त कपाटाच्या भिंतीपाशी डॉक्टर आडवा आला. “इथे रंग नको. कपाट लावून टाका.”

“अहो, कपाटामागेही देतात रंग!” ती म्हणाली.

“राहू दे तेवढं.” त्याने हट्टच धरला.

चादर घातली गेली, खुर्चीला कापड चढलं, पडदा धुऊन पुन्हा खिडकीला लागला. सगळं कसं मापात. तरी दारातून बघताना तिला चुकल्यासारखं वाटत होतं. खोली सुंदर होती, पण धुक्यात बुडाल्यासारखी. काय राहिलंय ते कळेना. आणि तिचं अर्धं मन दुसरीकडेच होतं. काम संपलं होतं. उद्यापासून इथे यायला काही निमित्तच नव्हतं.

“झालं तर मग,” ती म्हणाली.

“झालं,” तो म्हणाला. ओठ हलले, थांबले… आणि शेवटी म्हणतो काय, तर, “थँक्यू.”

थँक्यू! हातातला डबा त्याच्या पायावर टाकावा असं तिला वाटलं. ती सावकाश जिना उतरली, प्रत्येक पायरीवर पाठीमागून हाक येईल म्हणून. हाक आली नाही. त्या संध्याकाळी दुकानात तिने गुलाबी मागणाऱ्या बाईंना तपकिरी रंगाचा डबा काढून दिला आणि मामाने तिला घरी पाठवलं.

दोनेक दिवसांनी फोन आला. “जरा येऊन जाता?” डॉक्टरचा आवाज पडलेला होता. “बाबा आलेत. खोली… त्यांना परकी वाटतेय.”

कामाच्या बाबतीत असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

वडील खुर्चीत बसले होते, पाहुणा बसतो तसे, कडेला. तिला बघून कसनुसे हसले. “छान केलंयस पोरी. वाईट वाटून घेऊ नकोस. पण हा तिचा निळा नव्हे. हा उन्हाने खाल्लेला. ती दरवर्षी म्हणायची, पडद्यांचा रंग उडालाय, बदलायला हवेत. राहूनच गेलं.”

तिने कपाळाला हात लावला. हे तिला कळायला नको होतं? जुन्या कापडावरून रंग घ्यायचा तर खालची दुमड उसवून आत बघायचं, जिथे ऊन पोचत नाही. हे ती दुकानात कामाला येणाऱ्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायची! ती खिडकीपाशी गेली, खाली बसली आणि पात्याने पडद्याच्या तळाची शिवण उसवली. दुमड उघडली.

आत निळा होता. गर्द, शाईसारखा, पहिल्या दिवसाइतका ताजा.

वडील उठून आले. खाली बसायला त्यांना त्रास होत होता, तरी बसले. त्या चार बोटांएवढ्या कापडावरून हात फिरवत राहिले. “हा,” ते म्हणाले. “हा तिचा.” त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

जरा वेळाने ते म्हणाले, “भिंती राहू देत आहेत तशा. शेवटी शेवटी तिने फिकाच तर बघितला. पण पडदे ह्या रंगाचे कर. आणि माझी उशी.” मग मुलाकडे बघून म्हणाले, “चहा मी टाकतो. तुम्ही मापं घ्या.” आणि ते बाहेर गेले.

ती अजून जमिनीवरच होती. “माझी चूक झाली,” ती म्हणाली. “दुमड बघायलाच हवी होती. कधी चुकत नाही माझं.”

“मग ह्या वेळी कसं चुकलं?”

“लक्ष नव्हतं.”

“कुठे होतं?”

तिने मान वर केली. आता लपवून काय उपयोग! “जिन्यात,” ती म्हणाली. “तुम्ही वर कधी येताय, तिकडे.”

त्याचे कान पुन्हा लाल झाले. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. “मग माझंही ऐका. दुसरा चौकोन काढला होतात ना, तो तेव्हाच जमला होता. मला तेव्हाच दिसलं होतं.”

“आणि रोज ‘अजून जरासा’ म्हणत होतात ते?”

“तुम्ही रोज यावं म्हणून. हो म्हटलं असतं तर काम संपलं असतं. आणि कपाटामागचं… ते चौकोन तुम्ही काढलेले होते. त्यांच्यावर रंग फासायला माझं मन धजलं नाही. परवाही बोलणार होतो, पण तोंडून थँक्यूच निघालं.”

“फार वाईट थँक्यू होतं ते.”

“माहितेय.” मग तो अगदी हळू म्हणाला, “तू… येत जा. रंग असो, नसो.”

“मोठी पातेली कुठे ठेवलीत रे?” स्वयंपाकघरातून वडिलांचा आवाज आला. “चहा तिघांचा करायचाय ना? की हिच्या मामांनाही बोलवायचंय?”

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गर्द निळ्या पडद्यांमागे वडील सुखाने राहिले, त्याच उशीवर शेवटचे निजले. मामाच्या दुकानात आता ती बसते. आणि आईची खोली आता त्यांच्या लेकीची व्हायची आहे. तिला सगळं पिवळं हवंय. भिंती, चादर, दिवा… सगळं. कुणावर गेली, हे सांगायला नको.

म्हणून आज दोघांनी मिळून कपाट ओढलं. मागे धुळीत निळ्या चौकोनांची रांग होती, जशीच्या तशी. ती किती वेळ बघत राहिली. दुसरा चौकोन खरंच जमला होता. किती ऊन गेलं त्या भिंतीवरून, किती चहा झाला त्यांच्यापुढे. त्याच्या कानांवरचे केस आता पांढरे झालेत.

“हे पुसायचे नाहीत,” तो म्हणाला.

“मी कुठे म्हटलं पुसायचे?” तिने पिवळ्याचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि रांगेच्या शेवटी एक चौकोन काढला, ताटाएवढा. मागे सरकली. “कसा आहे?”

त्याने डोकं तिरकं केलं. एक डोळा बारीक केला. खिडकीतून ऊन येत होतं.

“जमलाय,” तो म्हणाला. “पण अजून जरासा…”