चौथ्या मजल्यावरचं वजन

मजल्यांचे आठ दिवे. आठ बटणं. दाराची एक कळ. वजन कमीजास्त करायचा एक नॉब, शेजारी किलोचा आकडा.

दोर नाही, पिंजरा नाही. टेबलावर लिफ्ट नव्हतीच.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं घडलेलं आहे. १९८७ साल, अंधेरीची एमआयडीसी, भर दुपार. ज्या मृणालिनीमावशीने मला हे सांगितलं, ती आजही पाचव्या मजल्यावर जिन्याने चढते.

ती नुकती बीएस्सी होऊन लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या कारखान्यात लागली होती. कंट्रोलर म्हणजे लिफ्टचा मेंदू. बिल्डिंगमध्ये बसवण्याआधी तो या सिम्युलेटरच्या पेटीला जोडायचा. पेटी लिफ्टचं सोंग घ्यायची, नॉब आतल्या माणसांच्या वजनाचं. मृणालिनीची सही झाली की माल बाहेर.

त्या दिवशी मुलुंडहून एक कंट्रोलर परत आला होता. का, ते फिटर जयवंत सांगेना. "रंग उडालाय," एवढंच. वर शीळ घालत स्टेशनच्या वजनकाट्याचं तिकीट मिरवत होता. सत्तर किलो. लग्न मानवलं म्हणे.

तिने नॉब शून्यावर ठेवला.

पहिला मजला… दुसरा… तिसरा…

चौथ्यावर दार उघडल्याचा दिवा लागला.

आणि वजनाचा आकडा… सत्तेचाळीस.

जयवंतचीच चेष्टा असणार. तिने वजनाची वायर काढून हातात धरली.

सत्तेचाळीस.

दुसरा कंट्रोलर जोडला. शून्य. पुन्हा मुलुंडचा जोडला. तिसऱ्यापर्यंत शून्य, चौथ्यावर… सत्तेचाळीस.

तळमजल्यावर दार उघडलं, तरी आकडा हलेना. जे चढलं होतं, ते उतरत नव्हतं.

"सही कर ना गं. उद्या बसवायचाय."

"चौथ्यावर कुणीतरी चढतंय, जयवंत."

कोण, हे त्याने विचारलं नाही. किती दाखवतंय, ते विचारलं.

तिने सांगितलं. त्याची शीळ थांबली.

"मुलुंडला चौथ्यावर दार उघडलं होतं, लिफ्ट वरच होती," तो हळूच म्हणाला. "पण पाय टाकताना बाईनं बघायला नको?"

मृणालिनीने पेन खाली ठेवलं. साहेबांनी नोकरीवरून काढायची धमकी दिली, तरी उचललं नाही. शेवटी जयवंतने स्वतःच सही ठोकली आणि कंट्रोलर घेऊन मुलुंडला गेला.

दोन दिवसांनी कंट्रोलर परत आला. जयवंत आला नाही. चौथ्या मजल्यावर दार उघडलं, त्याने पाय टाकला… लिफ्ट सातव्यावर होती.

साहेबांनी कंट्रोलर तिच्यापुढे सरकवला.

तिने नॉब शून्यावर आणला. वायर काढून बाजूला ठेवली.

पहिला… दुसरा… तिसरा…

चौथ्यावर दार उघडलं.

एकशे सतरा.