कॅप्टन गेला त्या आठवड्यात

माजलगाव धरणाजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात तो खांद्यावर शेळी घेऊन आला, तेव्हा शिवकन्या टेबलावर डोकं टेकून बसली होती. केसपेपर लिहायचं काम तिचं.

"मॅडम, पोट फुगलंय हिचं."

"नाव?"

"शेळीचं, का माझं?"

तिला हसायचं होतं... जमलं नाही. चार दिवस धड झोप नव्हती. सात वर्षं गाजलेल्या अंतराळ-मालिकेत कॅप्टन अभ्र झालेल्या नटानं ती भूमिका सोडली होती. आता म्हणे तो कुठल्याशा सिनेमात साधा मास्तर होणार होता. ती चालवत असलेल्या, मालिकेच्या नऊ हजार चाहत्यांच्या ग्रुपवर नुसता शिमगा चालला होता. कुणी त्याला गद्दार म्हणत होतं, कुणी रडत होतं, कुणी नव्या कॅप्टनला आधीच शिव्या घालत होतं. भांडणं मिटवता मिटवता ती पार गळून गेली होती.

"अजिनाथ," तो म्हणाला. मग तिच्या उघड्या फोनकडं बघून थबकला. "त्या ग्रुपवाल्या तुमीच का? परवा काढलंत मला."

"काय लिहिलं होतं?"

"एवढंच, की जाऊ द्या त्याला. सात वर्षं एकच हेल्मेट घालून मान अवघडली आसंल."

तिला आठवलं. नऊ हजारांत तेवढंच एक वाक्य तिला लागलं होतं.

डॉक्टरांनी शेळीला औषध पाजलं, तासभर थांबायला सांगितलं. दोघं बाहेरच्या बाकावर बसली.

"कावून काढलं पण? कशापायी?"

कुणालाच न सांगितलेलं ती बोलून गेली. हा ग्रुप तिनं आणि सोमनाथनं कॉलेजात काढला होता. लग्नही ठरल्यासारखंच होतं. सोमनाथ पुण्याला गेला, तिकडचाच झाला. तिच्याजवळ ग्रुप तेवढा राहिला.

"आता कॅप्टनही गेला... आणि तुम्ही लिहिलंत, जाऊ द्या त्याला," ती म्हणाली.

अजिनाथनं तिची समजूत घातली नाही. "डोंगरात शेळ्यांमागं एकटाच आसतो मी. फोनवर तेच बघायचो. मलाबी लई वाईट वाटलं. पण त्याची मुलाखत बघितली का? लई थकलाय तो माणूस." मग तो हळूच म्हणाला, "तुमीबी थकलाव."

तिचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत हे कुणी म्हटलंच नव्हतं.

"दोन दिवसांनी दाखवायला आणा तिला," निघताना ती म्हणाली.

"बरी झाली तरी?"

"...तरी."

त्यानंतर तो तीनदा आला. "अरे, ठणठणीत आहे ही!" डॉक्टर वैतागले. "तपासलेलं बरं," म्हणत अजिनाथ शिवकन्याकडं बघायचा, आणि ती घाईघाईनं केसपेपरात मान घालायची.

चौथ्या वेळी तो एकटाच आला, संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळेला. बारीक पाऊस होता.

"शेळी कुठाय?"

"तिला कंटाळा आला यायचा. मला न्हाई आला."

शिवकन्या त्याच्या शेजारी बाकावर टेकली. "ग्रुप दिला मी तिथल्याच एका मुलीला, योगिताला. सोडला."

"मग आता भांडणार कुणाशी?"

"तुमच्याशी... चालेल?"

"रोज?"

"रोज." तिनं डोळे मिटले. "पण आज नको. आज नुसतं बसू द्या."

त्यानं आपली घोंगडी तिच्या अंगावर ओढली. अर्धवट झोपेत, त्याच्या खांद्यावर डोकं टेकलेलं असतानाच तिला ऐकू आलं — त्याच्या गावची शेवटची एसटी आली, कंडक्टरनं त्याला हाक मारली, दोनदा मारली... आणि गाडी निघून गेली. खांदा हलला नाही.