कप तुमचे, कागद माझे

जानेवारीतल्या एका शुक्रवारी बहरीनमधल्या रिफात एक अमेरिकन कुटुंब घर सोडून निघालं होतं. दारासमोर जुनं सामान विकायला मांडलेलं. दापोलीची विशाखा तिथून कपांचा खोका घेऊन, फोनवर आईशी बोलत निघाली आणि पाऊस आला. बहरीनचा पाऊस म्हणजे रुसलेला पाहुणा... येतो क्वचित, पण आला की रस्ताभर तळं करून ठेवतो.

"अहो, थांबा!"

तिचं मराठी ऐकून एक तरुण धावत आला. अंगातलं जाकीट काढून त्यानं खोक्यावर टाकलं.

"कप तुमचे... पण त्यांना गुंडाळलेले कागद मला द्याल?"

"ही रद्दी?"

"रद्दी नका म्हणू हो! बेसबॉलच्या विक्रमांचे पेपर आहेत, साठ वर्षांपूर्वीचे. मी जमवतो."

"स्वतः भिजताय आणि कागदांना जाकीट?"

"मी वाळेन. ते नाही वाळणार."

त्याच्या पापण्यांवरून पाणी ठिबकत होतं. विशाखानं पाहिलं... आणि पटकन नजर वळवली.

त्याचं नाव परीक्षित. पुण्याचा, इंजिनियर. मग तो दर शुक्रवारी नईम भागातल्या तिच्या दुकानात येऊ लागला. ती तिथं टायपिंग-झेरॉक्सचं काम करायची. त्याला कसली झेरॉक्स हवी असायची, ते देव जाणे!

"बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा भाऊ ना?"

"चुलत. बोलणं नाही दोघांत." त्यानं जपून एक पिवळं पान उलगडलं. "हा पिचर बघा, म्हणजे त्यांचा बॉलर. अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या एकालाही यानं पहिल्या बेसपर्यंत, पहिल्या टप्प्यापर्यंतसुद्धा, पोचू दिलं नाही."

"बाई गं! एकटा पडला असेल बिचारा. एखादीला तरी येऊ द्यायचं..."

बोलून गेली आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. तो हसला नाही. पान मिटायचंच विसरला.

पुढं त्याच्या कंपनीचं काम बंद पडलं. व्हिसाही संपत आला. त्यातच खोलीचं छत गळू लागलं, तेव्हा ते पिवळं पान त्यानं तिच्याकडे दिलं. "तुमच्याकडे सुखरूप राहील."

विशाखा कोकणातली. तिथं भिंतीला ओल, कागदाला बुरशी. त्यामुळं घरातला सातबारा, दहावीची मार्कशीट, आजोबांचा फोटो, जे जे मोलाचं ते लॅमिनेट करायचं, ही रीतच. तिनं ते पान हलक्या हातानं सरळ केलं आणि दुकानातल्या मोठ्या मशीनमध्ये सरकवलं.

पान पाहिलं आणि परीक्षितचा चेहरा उतरला.

"विशाखा... हे प्लास्टिक आता निघत नाही. जमवणाऱ्याच्या लेखी पान गेलं."

"मी जपायला म्हणून—"

"माहीत आहे," म्हणाला आणि निघून गेला.

पुढच्या शुक्रवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुकानातली खदिजा वैतागली, "यल्ला, चल, फोन कर ना उसको!" विशाखा फोन उचलायची, ठेवायची. तो असाच, न बोलता निघून गेला तर?

शेवटी एका दुपारी दारात टॅक्सी थांबली. आत सगळ्या बॅगा.

"निघालो, पुण्याला परत," तो म्हणाला.

"कागद बिघडवला, त्याची शंभरदा माफी मागते." "पण तुमच्यावर जीव जडला... त्याची नाही मागणार."



"मी रागावलो नव्हतो गं. विचारायचं होतं तुला. पण नोकरी मफी... नाहीच, खलास. कुठल्या तोंडानं विचारू?"

"आहे त्याच तोंडानं विचारा."

बाहेर हॉर्न वाजला.

"थांबशील... माझ्यासाठी?"

"थांबेन. पण किती दिवस, ते तुम्ही सांगू नका. खोटं ठरेल, आणि मग मला राग येईल."

त्यानं तिचा हात क्षणभर धरला. मग टॅक्सी धुळीच्या वाऱ्यात वळली आणि दिसेनाशी झाली.

"सिस्टर, दो कॉपी," कोणी तरी पासपोर्ट पुढं केला.

विशाखानं ओढणीनं डोळे पुसले, आणि पासपोर्ट घेतला.