दोन परवांचा घोळ

आजोबांना काळाचं भान राहिलेलं नाही, असं ढब्बूने शलाकाच्या आईला कळवलं. ढब्बू म्हणजे तोरणमाळच्या घरी आजोबांची काळजी घेणारा यंत्रमानव. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं, कारण त्याला रक्तच नव्हतं. त्यामुळे आईने ठरवून टाकलं, की आजोबांना आता आपल्याकडे पुण्याला आणायचं.

आजोबा खगोलशास्त्रज्ञ (ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणारे). गच्चीवर त्यांची मोठी दुर्बीण होती, आणि पुण्याच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशात तिचा काडीचा उपयोग नव्हता. ते नुसते तिचं भिंग पुसत बसले. सुट्टीला आलेल्या शलाकाला ते पाहवेना. गणितात तर आजोबा अजून तिला हरवत होते. मग गोंधळ कसला?

तिने ढब्बूलाच विचारलं.

"आजोबा म्हणाले, परवा शनीची कडी पाहिली," ढब्बू म्हणाला. "परवा अजून उजाडायचा आहे. न घडलेलं त्यांना आठवतं."

शलाकाला आधी हसू आलं, मग राग आला. परवा दोन असतात, एक गेलेला आणि एक येणारा, हे शेंबडं पोरही सांगेल. ढब्बूला मात्र एकच ठाऊक होता.

ढब्बूला भाषा समजावी म्हणून लिहिलेली आज्ञावली (यंत्राने काय करायचं त्या सूचना) मुक्त होती. म्हणजे ती कुणीही वाचावी आणि चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. गावोगावचे लोक हौसेने ती सांभाळत. तिचा मराठी विभाग तर नुकताच सुरू झाला होता. शलाकाने तिथे तडक लिहिलं, 'तुमचा यंत्रमानव मठ्ठ आहे.' पाठवण्याआधी ते आजोबांनी वाचलं.

"डॉक्टरांकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणशील का?" ते म्हणाले. "मी काय बोललो, तो काय समजला, काय समजायला हवं होतं, ते लिही. म्हणजे वाचणाऱ्याला तीच चूक आपल्या घरी करून बघता येईल."

तिने तसं लिहिलं. मराठी विभाग सांभाळणाऱ्या चंद्रपूरच्या हेमलताताईंचं उत्तर आलं. चूक खरी आहे, आम्हीही करून पाहिली, आता दुरुस्ती तूच का करत नाहीस? शलाकाने उलट विचारलं, आपण लुडबुड केली आणि सगळ्यांचेच यंत्रमानव बिघडले तर? ताईंनी समजावलं, की मूळ आज्ञावलीला हात लावायचाच नसतो. आधी तिची आपली एक प्रत घ्यायची आणि बदल त्या प्रतीत करायचा. तो बाकीचे तपासतात आणि पटला तरच मुळात मिसळतात.

शलाका विचार करत राहिली. आपल्याला तरी परवा कसा कळतो? 'परवा आलो', 'परवा येईन'. क्रियापद सांगतं! आज्ञावलीतली नेमकी जागा आजोबांनी दाखवली, नियम तिने लिहिला आणि ऐटीत पाठवला.

ताईंनी तपासायला एकच वाक्य धाडलं, 'परवा म्हणाला होता, परवा येतो.' 'होता' दिसताच ढब्बूने दोन्ही परवा मागे ढकलले. शलाकाचं तोंड उतरलं. ताईंनी खाली लिहिलं होतं, 'नाराज नको होऊ गं. माझी पहिली दुरुस्ती तर कितीदा परत आली होती.'

मग तिने प्रत्येक परवाला त्याच्या जवळचं क्रियापद जोडून दिलं. पण क्रियापदच नसलं, कुणी नुसतं 'परवा दुपारी' म्हटलं तर?

"तेव्हा मी काय करतो?" आजोबांनी विचारलं.

"विचारता, की कोणता परवा."

मग ढब्बूनेही विचारायचं, अंदाज ठोकायचा नाही, असं तिने लिहिलं. ती दुरुस्ती मात्र सगळ्यांना पटली आणि मुळात मिसळली गेली. ढब्बूने आईला कळवलं, की चूक त्याची होती.

संध्याकाळी आईचा फोन आला. "बाबा, परवा मी तुम्हाला इकडे आणायचं ठरवलं होतं..."

आजोबांचा हात भिंगावर थांबला.

"ठरवलं होतं," ढब्बू मध्येच म्हणाला. "म्हणजे गेलेला परवा."

"गेलेलाच," आई म्हणाली. "चुकलंच माझं. मीही अंदाजच ठोकला. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्या रात्री दुर्बिणीतून शनी सगळ्यात आधी शलाकाने पाहिला.

सुट्टी संपायच्या आत इचलकरंजीच्या एका मुलाने लिहिलं, 'तुमचा यंत्रमानव बावळट आहे. पाहुणे "येतो" म्हणून गेले, तरी हा दार उघडं ठेवून वाट बघतोय.' ताईंनी ते शलाकाकडे पाठवलं. तिने घरी करून पाहिलं आणि उत्तर लिहिलं, 'चूक खरी आहे. आमचा ढब्बूही दारातच उभा आहे. दुरुस्ती तूच का करत नाहीस?'